पहिली जिओकॅश लपवताना: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं आणि दोन मुलं, काही वर्षांपासून जिओकॅशिंग करतो. आधी नुसतं शोधत होतो, मग एक स्वतःची लपवली. तेव्हापासून शाळेच्या ग्रुपवरचे आणि सोसायटीतले आई-बाबा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं पुणे आणि आसपासची आहेत, कारण आमचा अनुभव तिथला आहे.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉम या संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे फोन घेऊन तिथे जातात, डबा शोधतात, आतल्या वहीत तारीख आणि टोपणनाव लिहितात आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून येतात. घरी आल्यावर संकेतस्थळावर चार ओळी लिहायच्या. त्याला लॉग म्हणतात.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. नागरिकांसाठी असलेल्या जीपीएसच्या संकेतात अमेरिकेचं सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. मे २०००च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. माइक टीग यांना ती पहिल्यांदा सापडली. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं. सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून जास्त आहेत. त्या पहिल्या बादलीत बीन्सचा डबा होता आणि बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आज खाण्याचा पदार्थ ठेवायला आणि जमीन खणायला बंदी आहे, म्हणजे ती बादली आता मंजूर झाली नसती. नियम अनुभवातून कसे घडतात हे मुलांना सांगायला मला ही गोष्ट फार आवडते.

कॅश म्हणजे पैसे का?

नाही. हा शब्द ‘लपवलेला साठा’ या अर्थाचा आहे, उच्चार तेवढा सारखा. आमच्या आजींना ‘मुलं कॅश लपवायला गेली आहेत’ असं कळल्यावर काळजी वाटली होती, तेव्हापासून घरात ‘डबी’ हाच शब्द आहे. गावात तर ‘कॅश’, ‘ट्रेझर’, ‘खजिना’ हे शब्द अजिबात वापरू नका. गुप्तधनाच्या नादाने जुनी देवळं आणि गडांवरच्या वास्तू खणणारी माणसं अजूनही आहेत.

पैसे लागतात का?

खातं फुकट उघडता येतं आणि फुकट खात्यावरून डबीही लपवता येते. डबा, वही, पेन्सिल एवढाच खर्च.

एकही न शोधता थेट लपवली तर?

तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण करू नका. आधी निदान वीस वेगवेगळ्या शोधा असं संकेतस्थळच सुचवतं. आपल्याकडे युरोपाच्या मानाने डब्या फारच कमी आहेत, तेव्हा वीसचा आकडा गाठायला वेळ लागेल. प्रवासाला जाल त्या गावचा नकाशा आधी उघडून बघा. वीस नाही तर सहा-सात तरी शोधाच. भिजलेली वही, तुटलेलं झाकण, चुकीचे आकडे हे सगळं दुसऱ्याच्या डबीत एकदा भोगलं की आपली लपवताना हात आपोआप नीट चालतो.

मधल्या काळात घरगुती तालीम करा. सोसायटीच्या बागेत डबी लपवायची, आकडे कागदावर लिहायचे आणि शेजारच्या मुलांना द्यायचे. संकेतस्थळावर काहीच टाकायचं नाही. आम्ही अशा पाच-सहा तालमी केल्या. मुलांना सगळ्यात जास्त मजा त्यातच आली.

जागा कशी निवडायची?

मुलांना विचाराल तर ती सगळ्यात अवघड कपार दाखवतील. मी तीन गोष्टी बघते. आपण एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जातो का? ती जागा कोणाची आहे हे मला माहीत आहे का? आणि डबी सापडली नाही तरी तिथे आल्याचं समाधान मिळेल का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असली तरच पुढे.

आमचा पहिला प्रयत्न फसला तो दुसऱ्या प्रश्नावर. शहरातल्या एका टेकडीवर दगडांच्या फटीत आम्ही शेवाळी रंगाचा डबा ठेवला, नकाशावर टाकण्याआधी आठवडाभर टिकतो का ते बघायला. तीन दिवसांत सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांना तो दिसला. ते घाबरले, त्यांनी सुरक्षारक्षकाला बोलावलं आणि तास-दीड तास ती वाट बंद राहिली. कळल्यावर आम्ही जाऊन माफी मागितली. चूक पूर्ण आमची होती: ती जमीन कोणाच्या अखत्यारीत आहे याची आम्ही चौकशीच केली नव्हती. पुण्याच्या टेकड्यांवर बरीच जमीन वन विभागाची आहे, काही महापालिकेची, काही खाजगी, आणि पायवाट चालताना त्यातला फरक कळत नाही.

दुसरी डबी ठेवली भोर तालुक्यात, मावसभावाच्या शेताच्या बांधावर. रस्त्यापासून पन्नास पावलं, आंब्याखाली दगडांची ताल आहे, तिच्या दुसऱ्या थरात. भावाला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, गुरं घेऊन जाणाऱ्या आजोबांनाही माहीत आहे. ती अजून जागेवर आहे.

पहिल्या डबीसाठी माझी पसंती याच क्रमाने: नात्यातलं शेत, ओळखीचं कृषी पर्यटन केंद्र, रोपवाटिका, सोसायटीच्या कुंपणाबाहेरचा पण सोसायटीच्याच मालकीचा कोपरा. टेकडी आणि जंगल नंतर.

कुठे ठेवूच नये?

शाळा, लष्करी हद्द, रेल्वेमार्ग, विमानतळ, धरणाची भिंत, पूल, पोलीस ठाणं, सरकारी कचेऱ्या. देवरायाही नको: तिथलं वाळलेलं पानही गाव उचलत नाही, तिथे आपण प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा नाही. म्हसोबा, वेताळ, वाघोबा यांची ठाणी नकोत. झाडाला खिळा ठोकायचा नाही, ढोली कोरायची नाही, जमीन खणायची नाही. ढोलीत पोपट, पिंगळे घरटी करतात, म्हणून रिकामी दिसली तरी ती सोडून द्या.

गडावर लपवली तर? मुलांना गडच हवा आहे.

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. उत्तर ‘नाही’ असंच आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना १९५८चा केंद्रीय कायदा लागू आहे, आणि तटाच्या दगडांत डबी असल्याचं नकाशावर टाकलं की पुढचा माणूस ती शोधताना दहा दगड हलवणार. जुलै २०२५मध्ये शिवनेरी, रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. पण यादीत नसलेल्या, पडझड झालेल्या गडांना जपायची गरज आणखी जास्त आहे. तिथे चुना केव्हाच निघून गेलेला असतो, दगड नुसता दगडावर टेकलेला असतो.

गडाची हौस भागवायला दोन वाटा आहेत. एक, पायथ्याच्या गावात ओळखीच्या घराच्या किंवा खानावळीच्या अंगणात, मालकाला विचारून डबी ठेवायची आणि तिच्या पानावर गडाची माहिती लिहायची. दोन, अर्थकॅश. यात डबाच नसतो. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने बघण्यासारख्या जागी लोकांना बोलवायचं, तिथे नीट निरीक्षण केल्याशिवाय देता येणार नाहीत असे प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं तुम्हाला पाठवायची. हा प्रकार २००४पासून अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या साहाय्याने चालतो. आपला तर बहुतेक महाराष्ट्र लाव्ह्याच्या थरांवर बसलेला आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा: गोल फिरणाऱ्या पाण्यातले दगडगोटे हजारो वर्षं बेसाल्ट घासत राहिले आणि त्याचे रांजण झाले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा, सुमारे साठ मीटर उंच उभे काळे खांब. अर्थकॅशचं पान लिहायला अभ्यास लागतो, म्हणून आठवीच्या पुढच्या मुलांना ती जास्त जमते.

परवानगी मागायची कशी? लोक हसतात.

हसू दे. खेळाचं नाव सांगून सुरुवात केली तर कोणालाच कळत नाही. आम्ही डबाच घेऊन जातो, उघडून दाखवतो, वही दाखवतो आणि म्हणतो, ‘काका, मुलांचा खेळ आहे. महिन्यातून एखादं कुटुंब येईल, वहीत नाव लिहील आणि जाईल. त्रास झाला तर एक फोन करा, त्याच दिवशी काढून नेऊ.’ डबा हातात घेऊन बघितला की माणूस निवळतो. शेतमालकाला दोन गोष्टी आवर्जून विचारा: लोकांनी गाडी कुठे लावावी आणि पीक उभं असताना कुठून चालावं. ही उत्तरं जशीच्या तशी डबीच्या पानावर जातात. वन विभागाच्या जमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागेल, आणि उत्तर येईपर्यंत ठेवायची नाही. पहिल्याच डबीसाठी या वाटेला जाऊ नका.

बेवारस वस्तू म्हणून कोणी घाबरलं तर?

हाच मुद्दा आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि परदेशी माहितीत तो एका ओळीत संपतो. कोरेगाव पार्कमधला फेब्रुवारी २०१०चा स्फोट, ऑगस्ट २०१२मध्ये जंगली महाराज रस्त्यावर झालेले स्फोट, हे पुण्याने बघितलं आहे. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा ऐकतच आपली मुलं मोठी झाली आहेत आणि ती त्यांनी विसरू नये. म्हणून डबा असा हवा की बघणाऱ्याला शंका यायच्या आत उत्तर मिळेल.

डबा पारदर्शक घ्या. आतली वही आणि गोट्या बाहेरून दिसल्या पाहिजेत. पाइपचे तुकडे, धातूचे बंद डबे, वायर, काळी चिकटपट्टी यातलं काहीही नको. बाहेरून ठळक मराठीत लिहा. आमच्या डबीवरचा मजकूर असा आहे, हवा तर घ्या:

‘हा जिओकॅशिंग या खेळाचा डबा आहे. यात वही, पेन्सिल आणि मुलांच्या छोट्या वस्तू आहेत. जागामालकाच्या परवानगीने ठेवला आहे. चुकून सापडला असेल तर उघडून बघा, वहीत नाव लिहा आणि इथेच ठेवा. अडचण होत असेल तर खालच्या पत्त्यावर कळवा, आम्ही घेऊन जाऊ.’

खाली पालकाचा ईमेल आणि डबीचा जीसी क्रमांक, म्हणजे संकेतस्थळ प्रत्येक डबीला देतं तो क्रमांक. मुलांची नावं आणि शाळेचं नाव लिहू नका.

गावात दुसरीही एक भीती असते, करणीची. झाडाखाली लाल फडकं, नाणी, सुया, लिंबू, बाहुली असं काही दिसलं की माणसं धास्तावतात आणि उगाच कोणावर तरी संशय घेतात. म्हणून लाल-काळं कापड, दोरे, बाहुल्या डबीत आणि डबीवर नकोत. ही गोष्ट मला भावाच्या शेजारच्या काकूंनी सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्ही डबीतली छोटी कापडी बाहुली काढून भोवरा ठेवला.

डबा कोणता घ्यावा?

चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, अर्धा ते एक लिटरचा. मुलांना देवाणघेवाण करता येईल एवढी जागा त्यात असते. शंभर मिलिलिटरपेक्षा लहान डबीला ‘मायक्रो’ म्हणतात, त्यात फक्त वहीची सुरळी मावते आणि मुलं हिरमुसतात.

मायक्रोच करायची असेल तर पाण्याच्या बाटल्या फुगवण्याआधीची जाड नळी मिळते, तिला प्रिफॉर्म म्हणतात. जर्मनीत खेळणारे तिलाच पेटलिंग म्हणतात. तिला आटे असलेलं घट्ट झाकण असतं आणि ती फुटत नाही. स्टीलचा डबा टिकेल असं वाटतं, पण त्याला भंगारात भाव आहे, तो जातो. काच तर नकोच.

घ्यायच्या आधी बादलीची परीक्षा करा. डब्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा, वर दगड ठेवून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवा. सकाळी टिश्यू ओला निघाला तर तो डबा पोह्यांना वापरा. आमचे चारपैकी दोन नापास झाले, त्यातला एक चांगला महागाचा होता.

पावसाळ्यात काय होतं?

सह्याद्रीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर डबी सतत ओल्यात असते. पाणी आत शिरलं नाही तरी ओल येते, कारण येणारा माणूस भर पावसात ती उघडतो. म्हणून वही वेगळ्या झिप पिशवीत ठेवा, आणि बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी झाकणाला आतून चिकटवा. लहान मुलाच्या हाती ती सुटी लागू नये. पेन नको, पेन्सिल ठेवा. दमट कागदावर पेन चालत नाही आणि चाललं तर शाई फुटते.

ओढ्याच्या काठापासून दूर राहा. हिवाळ्यात कोरडा दिसणारा ओढा जुलैत किती वर येतो ते गावकऱ्यांना विचारा, ते झाडावरची खूण दाखवतात. उलट फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत डोंगरावर वणवे लागतात आणि वाळल्या गवतातला प्लॅस्टिकचा डबा राहत नाही. दगडांच्या तालीत, आजूबाजूला गवत नसेल अशा जागी ठेवलेला वाचतो. लपवायचा चांगला काळ नोव्हेंबर ते जानेवारी. गवत बसलेलं असतं, वाट दिसते आणि पावसाळ्याआधी दोन-तीन फेऱ्या मारून डबी कशी टिकते तेही कळतं.

आत काय ठेवायचं?

गोट्या, भोवरा, शंख-शिंपले, खोडरबर, पोस्टाची तिकिटं, मुलांनी स्वतः काढलेली चित्रं. एक वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, हा रिवाज आहे. खाऊ नको, एक चॉकलेटही नको: मुंग्या येतात, उंदीर डबा कुरतडतात, माकडं तर आख्खा पळवतात. काडेपेटी, लायटर, फटाके, चाकू, औषधं, अत्तर नको. जाहिरातीची पत्रकं आणि धार्मिक किंवा राजकीय प्रचाराचं साहित्यही नियमात बसत नाही.

अक्षांश-रेखांश अचूक कसे घ्यायचे?

वेगळं यंत्र लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. झाडीत आणि उंच इमारतींजवळ चूक वाढते. आमची पद्धत अशी: फोन डबीच्या जागी दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवायचा, आकडे लिहायचे. मग वीस-तीस पावलं दूर जाऊन वेगळ्या दिशेने परत यायचं आणि पुन्हा लिहायचे. असं पाच-सहा वेळा. दुसऱ्या दिवशी परत एकदा, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरी काढायचं काम थोरल्याचं. शाळेतली सरासरी त्याला इथे पहिल्यांदा उपयोगाची वाटली.

एक घोळ सगळ्यांचाच होतो. नकाशाचं अ‍ॅप दशांश अंश दाखवतं, आणि जिओकॅशिंगला अंश व दशांश मिनिटं लागतात. उदाहरणार्थ शनिवारवाड्याजवळ अ‍ॅप १८.५१९४७ दाखवतं. इथे १८ अंश बाजूला ठेवा, उरलेल्या ०.५१९४७ला ६०ने गुणा, ३१.१६८ मिनिटं आली. म्हणजे उत्तर १८° ३१.१६८′. रेखांशाचंही तसंच: ७३.८५५३५चं पूर्व ७३° ५१.३२१′ होतं. कोणी १८° ३१.१६८′ हे १८.३११६८ असं टाइप केलं, तर शोधणारा शनिवारवाड्याऐवजी दक्षिणेला २३ किलोमीटरवर पोचेल. मिनिटांतला शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा उत्तर-दक्षिण १.८५ मीटरने सरकते, पुण्यात पूर्व-पश्चिम साधारण पावणेदोन मीटरने. तेव्हा तिसऱ्या स्थळापर्यंत लिहा, त्यापुढे नको.

हे सगळं चालतं कसं असं मुलं विचारतातच. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून निघालेला संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर कळतं, आणि चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकतं. हे सांगितल्यावर आमची धाकटी बराच वेळ आकाशाकडे बघत बसली होती.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र परदेशातून आणू नका. भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, आणि या खेळाला त्यांची गरजही नाही.

१६१ मीटरचा नियम काय आहे?

दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. आपल्याकडे डब्या विरळ, त्यामुळे अडचण क्वचित येते. पण काही डब्यांची जागा कोडं सोडवल्यावरच कळते, त्यांची खरी जागा नकाशावर दिसत नाही, तेव्हा रिकाम्या दिसणाऱ्या भागातही कधी नकार येतो. तसं झालं तर शंभर पावलं सरकायचं.

संकेतस्थळावरचं पान कसं लिहायचं?

मराठीत लिहा आणि खाली इंग्रजीत. इथे येणाऱ्यांत परप्रांतीय आणि परदेशी पाहुणे बरेच असतात, पण आपल्या गावाबद्दल आपल्या भाषेत लिहिलेलं पान तिथे असावं असं मला मनापासून वाटतं. जागेचं नाव गावकरी म्हणतात तेच द्या. आमच्या पानावर त्या तालीची माहिती आहे, माती वाहून जाऊ नये म्हणून भावाच्या आजोबांनी ती कशी रचली याची.

अवघडपणाचे दोन आकडे द्यावे लागतात, दोन्ही १ ते ५. पहिला शोधायला किती कठीण याचा, दुसरा पोचायला किती कठीण याचा. दुसऱ्यात १ म्हणजे चाकाची खुर्ची तिथपर्यंत जाते. बांधावरून चालायचं असेल तर १ देऊ नका. कोणी आजीला खुर्चीवरून घेऊन येईल आणि त्यांना अर्ध्यातून परत फिरावं लागेल.

पानावर शोधणाऱ्याला मदत म्हणून एक इशारा, म्हणजे ‘हिंट’, देता येतो. तो लिहिताना एक गंमत आहे. संकेतस्थळ तो सांकेतिक करून दाखवतं, प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवून. देवनागरी अक्षरांना ही युक्ती लागू होत नाही, मराठी इशारा सगळ्यांना उघडच दिसतो. म्हणून इशारा तेवढा रोमन लिपीत द्या, भाषा मराठी असली तरी.

पान पाठवल्यावर एक स्वयंसेवक ते तपासतो, बहुतेक आठवड्याभरात. परवानगी कोणी दिली हे त्याच्यासाठीच्या टिपणात आधीच लिहून ठेवा. आम्हाला एकदा शंका विचारून पान परत आलं होतं. मुलं खट्टू झाली, पण शंका रास्त होती, गाडी कुठे लावायची हेच आम्ही लिहिलं नव्हतं.

मुलांनी कोणतं काम करायचं? साप-विंचवांचं काय?

काम वयानुसार वाटा. चार-पाच वर्षांची मुलं वस्तू निवडतात आणि डबा रंगवतात. सात-आठची वही आखतात, आकडे वाचून दाखवतात. दहाच्या पुढची पानाचा मजकूर लिहितात, गुणाकार करतात. खातं मात्र पालकाच्या नावावरच.

साप-विंचवांबाबत नियम एकच आणि तो कडक: न दिसणाऱ्या फटीत हात घालायचा नाही. दगडांच्या तालीत विंचू असतात, पाचोळ्यात फुरसं बेमालूम मिसळून जातं, गवताच्या कडेला घोणस असते. म्हणून डबी अशा जागी ठेवा की वाकून बघितल्यावर ती पूर्ण दिसेल. आधी काठीने दगडावर ठोका, टॉर्च मारा, मग हात. पायात बूट. वरती कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ आहे का तेही बघा. शोधायला येणाऱ्या कुटुंबातलं मूल आपल्यापेक्षा लहान आणि उतावीळ असेल असं धरूनच जागा ठरवायची.

आम्ही परदेशात राहतो. सुट्टीत गावी आल्यावर एक लपवून जाऊ का?

इच्छा समजते, पण नको. देखभाल करता येणार नाही अशा सुट्टीतल्या डब्या मंजूर होत नाहीत. गावी राहणारं कोणी मनापासून सांभाळायला तयार असेल तर त्यांच्या नावाचं खातं उघडा आणि डबी त्यांचीच असू द्या. राहता तिथे लपवायची असेल तर तिथले नियम बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. जर्मनीत संरक्षित क्षेत्रांत पायवाट सोडायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि शहरांत डब्या इतक्या दाट आहेत की १६१ मीटरची मोकळी जागा शोधणं हेच मुख्य काम होऊन बसतं.

हरवली किंवा खराब झाली तर?

होणारच. ‘सापडली नाही’ असा लॉग दोनदा आला की जाऊन बघा. ‘वही ओली आहे’ असं कोणी लिहिलं तर पानावर तात्पुरतं बंद असं दाखवा आणि महिन्याभरात दुरुस्त करा. आम्ही दिवाळीनंतर, संक्रांतीच्या सुमारास आणि मेअखेरीस अशा तीन ठरलेल्या फेऱ्या मारतो. शिवाय भावाकडे जातो तेव्हा एक नजर असतेच. जाताना एक पोतं नेतो आणि वाटेवरच्या बाटल्या, वेष्टनं गोळा करतो. हा जगभरच्या खेळाडूंचा २००२पासूनचा रिवाज आहे.

पुढे सांभाळणं जमेनासं झालं तर पान कायमचं बंद करा आणि डबा स्वतः जाऊन घेऊन या. नकाशावरून पुसलेली पण जागेवर राहिलेली डबी म्हणजे कचरा.

एवढ्या लांब शोधायला येणार तरी कोण?

थोडे येतील, आणि वाट बघावी लागेल. आमच्या डबीला पहिला पाहुणा अकरा आठवड्यांनी मिळाला. कामानिमित्त पुण्यात आलेला एक परदेशी गृहस्थ रविवारी बसने भोरला आला आणि तिथून रिक्षाने बांधापर्यंत पोचला. वहिनीने त्याला ताक दिलं. वहीत त्याने आपल्या भाषेत तीन ओळी लिहिल्या, भोवरा घेतला आणि निळ्या रंगाचं एक लाकडी बटण ठेवलं. पुढच्या फेरीत धाकटीने ते बटण उचललं, हातात फिरवून बघितलं आणि परत ठेवलं, पुढच्यासाठी. त्या तीन ओळींचा अर्थ आम्ही घरी येऊन लावला: आंबा मोठा आहे, ताक छान होतं, डबी कोरडी आहे.